एक ऐकू आलं नाही

विहिरीतून दगड आणि माणसं वर ओढणाऱ्या यारीच्या दांड्यावर बसणाऱ्याने विहिरीत वाकून बघायचं नसतं. बघितलं की डोकं गरगरतं आणि हात ढिला पडतो. त्याने कानांनी काम करायचं. खालून दोर एकदा हिसकला की टोपली उचलायची, दोनदा हिसकला की थांबायचं. लग्न होऊन आल्यापासून वहिनी हेच करत आली होती. इंजिनाची धडधड, दोराची करकर आणि खालच्या माणसांची बडबड हे सगळं तिच्या कानात वेगवेगळं पडायचं. म्हणूनच त्या दुपारी वन्संना जे ऐकू आलं नाही ते आपण नीट ऐकलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

घर विहिरी खणणाऱ्यांचं. काम जिथे मिळेल तिथे पत्र्याची खोपी उभी करायची आणि पाणी लागलं की उचलून पुढे जायचं. दादा घरातले थोरले, वहिनीचे यजमान. त्यांची पाठची बहीण म्हणजे वन्सं. सगळ्यांत धाकटे भाऊजी. वहिनी घरात आली तेव्हा हे भाऊजी शेंबडे होते. त्यांचं नाक पुसतानाही ती त्यांना भाऊजीच म्हणायची आणि आता मिशा आल्या तरी ते तिला अगंतुगं करत होते. तिला स्वतःचं मूल झालं नाही. या पोराच्या मागे धावता धावता ते राहूनच गेलं, असं ती हसत सांगायची. नात्यातला नसलेला पण ताटातला असलेला एक गडी होता, त्याला मुका म्हणायचे. त्याला चांगलं बोलता यायचं, पण दिवसभरात तो एकच शब्द बोलायचा. तो शब्द होता ‘तीन’.

कारण सुरुंगाची मोजणी. सकाळी खालच्या खडकात भोकं पाडायची, दुपारी त्यांत दारू ठासायची, आणि वात पेटवण्याआधी खालच्या प्रत्येकाने आपला आकडा ओरडून सांगायचा. विहिरीच्या काठावर बसलेल्याने ते मोजून ‘तीन, बरोबर’ असं म्हणायचं. मग तीन आधी वर, मागून दोन वर, आणि एक सगळ्यांत शेवटी. एक म्हणजे कामाचा मुख्य. वात तोच पेटवणार, टोपलीत बसणार, दोर हिसकणार. यारीवरच्याचं लक्ष जराही इकडेतिकडे झालं तर त्याचं काही खरं नाही. दादा कायमचे एक होते. आणि काठावर मोजायला बसायच्या वन्सं, ज्यांनी सगळ्या देशातल्या गणित करणाऱ्यांना पाणी पाजलं होतं.

हे काही वाढवून सांगितलेलं नाही. लहानपणी वडिलांबरोबर विहिरीवर बसून त्या सांगायच्या, दगड असाच येत राहिला तर ढिगाचं टोक अमुक दिवशी त्या फांदीला लागेल. टोक त्याच दिवशी लागायचं. मास्तरांनी आधी गंमत म्हणून त्यांना फळ्यापुढे उभं केलं, मग तालुक्याला नेलं, मग मोठ्या शहरांत. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या आकड्यांचे गुणाकार, कुठल्याही सालातल्या कुठल्याही तारखेचा वार, सगळं तोंडी. एकदा त्यांना यंत्रासमोर बसवलं. यंत्रावरचा साहेब बटणं दाबतोय तोवर यांनी उत्तर सांगून पदराने घाम पुसला होता. लोकांनी तोंडात बोटं घातली. पेपरात फोटो आला, वडिलांनी तो खोपीच्या पत्र्याला डकवला, उन्हाने तो आधी पिवळा पडला आणि मग पांढरा. वर्षामागून वर्ष पहिला नंबर यांचाच. दोन कानांचा भला मोठा चषक मिळाला. आता त्या चषकाने इंजिनात डिझेल ओतायचे.

शेवटच्या स्पर्धेत परीक्षकांनी गणित लाखबंद पाकिटातून आणलं. पाकीट फोडायच्या आत वन्सं उत्तर सांगून मोकळ्या झाल्या. पाकीट फोडलं, गणित वाचलं, यंत्रावर करून पाहिलं. उत्तर तेच. सभागृहात एकही टाळी वाजली नाही. मग कोणीतरी ‘फितुरी, फितुरी’ म्हणून ओरडलं, आणि त्यानंतर त्यांना कुणी कुठे बोलावलं नाही. पोरंटोरं त्यांना मशीन म्हणायची, तेवढं राहिलं.

आणखी एक गोष्ट होती, ती घरातच राहिली. सासरे चांगले हिंडतेफिरते असताना वन्सं जेवणाला एक ताट कमी मांडायला लागल्या होत्या. सासरे खो खो हसायचे. “चॅम्पियन, अगं तुझा बाप राहिला की!” वन्सं ओशाळून उठायच्या आणि ताट आणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका पहाटे सासरे झोपेतून उठलेच नाहीत, आणि तेव्हापासून वन्संची ताटं पुन्हा बरोबर यायला लागली. याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. मळेवाल्याची झाडं उभी वाळत होती. त्याने या लोकांना जुन्या कोरड्या विहिरीत आणखी खाली जायला सांगितलं होतं. खाली काळा पाषाण लागला. घण मारला की घणच उडून यायचा. भाऊजींच्या तळहाताची साल निघाली होती, मुक्याचा खांदा सुजला होता, दादा खोकले की थुंकीत दगडाची पूड यायची. मळेवाला रोज काठावर येऊन थुंकायचा आणि म्हणायचा, “पाणी दाखवा, नाहीतर बोअरवाल्याला बोलावतो. त्याचं मशीन तरी खरं आहे.” हे बोलताना तो वन्संकडे बघून हसायचा. दादा मान खाली घालायचे.

आणि मग ती दुपार. दारू ठासून झाली. खालून दादांचा आवाज आला, “एक!” भाऊजींचा आला, “दोन!” मुका म्हणाला, “तीन.”

वन्सं काठावर मांडी घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दोन.”

“वन्सं, तीन,” वहिनी दांड्यावरून म्हणाली.

“दोनच ऐकले, वहिनी.”

खालून दादा ओरडले, “काय झालं गं वर?”

“काही नाही! तीन, बरोबर!” वहिनीने ओरडून सांगितलं. पण ही बाई आयुष्यात कधी चुकली नव्हती. तिघेही नीट वर आले, स्फोट झाला, धूळ बसली. जेवताना भाऊजींनी थट्टा केली. “ताई, आता तुलाच बेरीज शिकवायची वेळ आली का?” वन्संही हसल्या. मुका मुकाट जेवत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आता खाली कुणी हसेना. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचं मन आधीच नाजूक असतं. मुक्याने टोपलीत पाय ठेवण्याआधी वन्संकडे बघायला सुरुवात केली. दादा चिडले.

“उद्यापासून तू मोजायचं नाही,” ते बहिणीला म्हणाले. “माझी माणसं बिथरतात.”

“मी मुद्दाम नाही रे करत, दादा.”

“मुद्दाम करत नाहीस म्हणून तर! एवढं सगळं आधी कळतं ना तुला? मग लॉटरीचा नंबर सांग. सुटू तरी या धोंड्यातून.”

वन्सं तिथून उठल्या. त्यांचे डोळे भरले होते. वहिनीला त्यांची फार दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

सकाळी दोघी डाळ निवडत बसल्या तेव्हा वहिनीने विचारलंच. “वन्सं, खरं सांगा. तुम्ही गणित करता कसं?”

“मी कुठे करते? कधीच केलं नाही.” वन्संनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “उत्तर आधीच येऊन बसलेलं असतं. गणित मागून येतं, धापा टाकत. लोकांना वाटायचं मी पटकन करते.”

“मग त्या दिवशी पाकीट…”

“त्या दिवशी गणिताला यायला जरा जास्तच उशीर झाला. मला वाटलं होतं, सगळे खूश होतील.”

वहिनीची बोटं डाळीत तशीच थांबली. “विहिरीतून येतात ना आकडे, त्यातला तुम्हाला कुठला ऐकू येत नाही?”

“दोन ऐकू येतं. तीन ऐकू येतं.” वन्संनी ताट हलवलं. “एक ऐकू येत नाही. तिथे नुसती जागा असते.”

वहिनी उठून खोपीच्या मागे गेली आणि पत्र्याला हात टेकून उभी राहिली. पत्रा तापला होता. हात भाजतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

एक म्हणजे तिचा नवरा. त्याला सांगून उपयोग नव्हता. मळेवाल्याने चार दिवसांची मुदत दिली होती आणि दादांनी सगळ्यांसमोर मिशीवरून हात फिरवला होता. तिने पायाशी लोळण घेतली असती तरी ते उतरलेच असते. दिवसभर ती दांड्यावर बसून डोकं चालवत राहिली, आणि संध्याकाळी गावातल्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “एका वेळी एकच गोळी, बरं का. घोड्याचंही पोट साफ होईल.” वहिनीने सकाळी चहात तीन कुटून घातल्या.

दादा चहा प्यायले, चूळ भरली, यारीजवळ गेले आणि तिथूनच झुडपांकडे पळाले. परत आले, दोर हातात घेतला आणि पुन्हा पळाले. भाऊजी हसून हसून आडवे झाले. तिसऱ्यांदा मात्र दादांना परत येववेना. मुक्याने त्यांना धरून आणलं आणि खोपीत निजवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि मळेवाला हे सगळं बघत काठावर उभा होता. “मुख्यच झुडपात,” तो म्हणाला, “मग विहिरीत कोण?” दादांनी भिंतीकडे तोंड वळवलं. वहिनीला वाईट वाटलं, पण वाईट वाटूनही तिचा जीव भांड्यात पडला होता.

“विहिरीत मी!” भाऊजी छाती काढून म्हणाले. “चल रे मुक्या. वहिनी, आज यारी जपून चालव. आज मुख्य मी आहे.”

ती हसली. दांडा सोडून तिने त्यांना खाली पाठवलं. नवरा खोपीत पोट धरून सुखरूप होता, त्यापलीकडे त्या वेळी तिला काही दिसलं नाही.

खडक त्या दिवशी वेगळा वाजत होता. खालून आलेल्या टोपलीतले दगड ओले होते. भाऊजी खालून ओरडले, “वहिनी, घाम फुटलाय खडकाला! आजच्या सुरुंगाला पाणी लागणार!” मळेवाला पुढे सरकून उभा राहिला. भोकं भरली, ठासली. वन्संना मनाई होती तरी त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या होत्या. त्यांना हाकलायला दादा तिथे नव्हते.

खालून भाऊजींचा खणखणीत आवाज आला, “एक!”

मुक्याला जरा अडखळायला झालं. मग तो म्हणाला, “दोन.”

वहिनीने वन्संच्या ओठांकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, “एकच.”

“कोण, वन्सं? कुठला ऐकला?”

“दोन ऐकला. एक नाही.”

वहिनी दांड्यावरून अर्धी उठली. मग तिला सगळं लख्ख दिसलं. एक म्हणजे तिचा नवरा नव्हताच. एक ही जागा होती. तिने नवऱ्याला त्या जागेवरून ओढून काढलं होतं, आणि ज्याचं नाक पुसलं, ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याला आपल्या हाताने दांडा सोडून तिथे उतरवलं होतं.

“भाऊजी!” ती ओरडली. “वर या! वात लावू नका!”

“वेडी आहेस का? ठासलेली दारू तशीच ठेवून येऊ? उद्या त्यावर घण कोण मारणार?” त्यांचं खरं होतं. भरलेला सुरुंग कुणी तसा सोडत नाही. “मुका येतोय आधी. ओढ.”

मुका वर आला. टोपली पुन्हा खाली गेली. मळेवाला म्हणाला, “आता कसली वाट बघताय?” तिने एकदा खोपीकडे बघितलं, एकदा विहिरीच्या काळ्या तोंडाकडे. आयुष्यात पहिल्यांदाच ती दांड्यावर बसून खाली वाकली. खूप खोल, टोपलीएवढ्या अंधारात, भाऊजींचा चेहरा वर बघत होता. तिचं डोकं गरगरलं नाही.

“भाऊजी, मोजणी चुकली. पुन्हा घ्यायची,” ती म्हणाली. “तुम्ही दोन म्हणा. मुक्या, तू तीन म्हण, तुझा नेहमीचा.”

“आणि एक कोण?”

“एक मी.”

“तू खाली उतरलीस की काय?” भाऊजी हसले. त्यांचं हसू विहिरीत घुमलं.

“सांगितलं तेवढं ऐका! तुमची वहिनी आहे मी.”

तिने दांडा घट्ट धरला, दीर्घ श्वास घेतला आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली, “एक!” तिचा आवाज विहिरीत जाऊन परत आला. मळेवाला दचकला. खालून “दोन!” आलं. शेजारून मुका हळूच म्हणाला, “तीन.”

वन्संनी कान दिला. मग त्या म्हणाल्या, “दोन आणि तीन. दोन जण.”

“आणि एक, वन्सं?”

वन्संनी मान वर केली. त्यांनी वहिनीच्या तोंडाकडे बघितलं, डोळे बारीक करून, लांबचं काही वाचावं तसं. “वहिनी, तुम्ही काही म्हणालात का आता?”

वहिनी पुन्हा विहिरीकडे वळली. “लावा वात, भाऊजी,” ती खाली वाकून म्हणाली.

दोर हिसकला. तिने दांडा ओढला. इंजिनाने जोर घेतला, दोर करकरत वर यायला लागला, आणि निम्म्यात इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. धूर सोडून बंद पडलं. टोपली अंधारात लोंबकळत राहिली. खालून वातीचा सरसर आवाज येत होता, तो आता सगळ्यांना ऐकू आला.

“हात लावा!” वहिनी किंचाळली आणि तिने चाकाची मूठ दोन्ही हातांनी धरली. मुक्याने दुसरी बाजू धरली. वन्सं धावल्या. मळेवालाही, धोतराचा सोगा तोंडात धरून, दोराला लोंबकळला. खोपीतून दादा एका हाताने लेंग्याची नाडी धरून पळत आले आणि त्यांनी दुसऱ्या हाताने मूठ पकडली. वहिनीच्या तळहाताची कातडी मुठीला चिकटून निघाली. चाक फिरत होतं, पण इतकं सावकाश की तिला आपल्या हातांचा राग आला. मग काठावर भाऊजींची बोटं आली, मग डोकं. मुक्याने काखेत हात घालून त्यांना बाहेर फेकलं आणि सगळे ढिगाच्या मागे पडले. जमीन खालून उसळली. दगड आकाशात गेले आणि आजूबाजूला धपाधप पडले. एक वहिनीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर रुतला.

धूळ बसल्यावर आधी कुणी हललं नाही. मग विहिरीतून एक आवाज आला, मडकं भरताना येतो तसा. मळेवाला रांगत काठाशी गेला आणि लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला.

त्या संध्याकाळी खोपीत सगळे एकदम बोलत होते. भाऊजी ओल्या केसांनी बसले होते. पहिली बादली त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतली होती. मळेवाल्याने वन्संना हात जोडले होते, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. दादा वहिनीच्या तळहातांना तेल लावत हळू आवाजात म्हणाले, “चहात काय घातलं होतंस?”

“कुठे काय?”

“तीन गोळ्या. दुकानदार येऊन सांगून गेला. विचारत होता, घोडा कसा आहे.”

वहिनीला हसू फुटलं. दादाही हसले. त्यांनी तिचा हात आणखी थोडा वेळ हातात ठेवला, सगळ्यांसमोर. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं. आपलं सगळं माणूस या पत्र्याखाली आहे, कुणी विहिरीत राहिलं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

“वन्सं, पानं घ्या,” ती म्हणाली.

वन्सं भाऊजींच्या बोलण्याला हसत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. “ताई, जेवायला घे गं,” दादा म्हणाले, तेव्हा त्या लगेच उठल्या. ताटं काढून त्यांनी एकेक मांडायला सुरुवात केली, रोजच्यासारखी, न मोजता. दादांपुढे एक. भाऊजींपुढे. मुक्यापुढे. आपल्या जागेवर एक. मग हात पुसून त्या वाढायला बसल्या.

भाऊजींनी ताटांकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं. मुक्याने डोळे मिटून घेतले. दादांचा तेलाचा हात हवेत अडकला होता.

“ताई,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. “ताई, वहिनी राहिली.”

वन्सं ओशाळल्या आणि उठायला लागल्या.

“बसा, वन्सं. मी घेते,” वहिनी म्हणाली. वन्संना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती उठली, फळीवरून स्वतःचं ताट काढलं, सोललेल्या हातांनी पदराच्या टोकाने पुसलं आणि भाऊजींच्या शेजारी मांडलं. मग तिने सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

“वाढा ना,” ती म्हणाली. “मला भूक लागलीय.”